नळाजवळचे सावंत

आमच्या चाळीच्या चौकात उभं राहून कुणी "ओ सावंत!" अशी हाक मारली, की अकरा दारं उघडायची. दहा दारांतून "काय?" यायचं आणि अकराव्या दारातून आमची आजी नुसतंच डोकं बाहेर काढून बघायची. हाक आपल्याला नसली तरी विषय आपला असू शकतो, असा तिचा अनुभव होता.

लालबागमध्ये सावंत आडनाव असणं आणि आडनावच नसणं, यात व्यवहारात काही फरक नव्हता. आडनावाचं काम काय? पंचवीस संतोषांमधून आपला संतोष वेगळा काढायचा. इथे त्या पंचविसातले सात संतोष सावंतच निघायचे. नव्या पोस्टमनने पहिले दोन महिने पत्ते वाचले. तिसऱ्या महिन्यापासून तो सावंतांची सगळी पत्रं एकगठ्ठा आमच्या दारात टाकू लागला, कारण आमची खोली नळाजवळ होती आणि नळावर दिवसातून एकदा तरी प्रत्येक सावंत येतोच, हे त्याने हेरलं होतं. आजीला अक्षरओळख नव्हती. त्यामुळे पत्र नक्की कुठल्या सावंतांचं, हे ठरवण्यासाठी मला ते मोठ्याने वाचावं लागे. कुणाची म्हैस व्याली, कुणाच्या बांधावरून कुणी कुणाचं डोकं फोडलं, हे सगळं आम्हाला आधी कळायचं आणि ज्याचं त्याला मागाहून. आजी पत्र पोचतं करताना नुसतं "वाईट झालां हो," एवढंच म्हणायची. घेणाऱ्याचे हातपाय गार पडायचे.

मग चाळीने आपल्या पद्धतीने सोय केली. आम्ही झालो 'नळाजवळचे सावंत'. मिलच्या टाइम ऑफिसात होते ते 'घड्याळ सावंत'. साचाखात्यातले 'साचेवाले सावंत', पण ते दोघे निघाले म्हणून 'मोठे साचेवाले' आणि 'बारके साचेवाले'. यात बारके हे अंगाने मोठ्यांच्या दुप्पट होते, पण नोकरीला नंतर लागले होते. पखवाज वाजवणारे 'भजनी सावंत'. 'कोर्ट सावंत' हे वकील नव्हते, बेलीफ नव्हते, शिपाईसुद्धा नव्हते. गावच्या एका फणसाच्या झाडावरून त्यांचा चुलत्यांशी दावा चालू होता, एवढंच. आणि 'दुबई सावंत'. या गृहस्थांनी एकदा आखातात जायचं म्हणून पासपोर्ट काढला, चाळभर पेढे वाटले, निरोपाचं मटण घातलं आणि एजंट पैसे घेऊन पळाला. ते आयुष्यात कधी दादरच्या पलीकडे गेले असतील तर गणपतीला गावी. पण त्यांचा नातूसुद्धा अजून 'दुबईवाल्यांचा' म्हणूनच ओळखला जातो.

आडनावं कशी जन्माला येतात, यावर विद्वान लोक जाड ग्रंथ लिहितात. मला ते आमच्या गॅलरीत उभ्याउभ्या दिसलं. पेशवाईतल्या नाना फडणवीसांचं खरं आडनाव भानू. फडावर बसून हिशेब लिहायचं काम घराण्याकडे आलं आणि कामाने आडनाव गिळून टाकलं. चिटणीस, पारसनीस, सबनीस या सगळ्या मंडळींच्या शेपटीला जो 'नीस' आहे, तो फारसीतला लिहिणारा. पोतदार नाणी पारखायचा. आज एखाद्या पोतदारांच्या हातात खोटी नोट टेकवली तर तेही तुमच्या-आमच्यासारखीच ती मुकाट्याने पुढच्या दुकानात खपवायला बघतील. दुबई सावंतांचा दुबईशी जेवढा संबंध, तेवढाच आता त्यांचा नाण्यांशी.

पण हे झालं सावंतांच्या पुढे लागलेल्या उपनावांचं. खुद्द सावंत कुठून आले?

याबाबत आजीला शंका नव्हती. "आपण राजे," ती सांगायची. पुरावा म्हणून ती सावंतवाडीकडे बोट दाखवायची. म्हणजे दिशा म्हणून शिवडीकडे दाखवायची, पण रोख सावंतवाडीचा. तिथे खेम सावंत झाले, संस्थान झालं, मोती तलावाकाठी राजवाडा आहे. ते सावंत, आपण सावंत, संपलं. त्या वेळी या राजघराण्यातला एक पुरुष, म्हणजे माझे बाबा, मिलमध्ये बदली कामगार होते. बदलीवाल्याने रोज पहाटे भोंग्याला गेटवर जाऊन उभं राहायचं, आज कोण आजारी पडलंय ते बघायचं आणि कुणीच आजारी नसेल तर राजवाड्यावर परत यायचं.

आजीच्या सिद्धान्ताला पहिला तडा आमच्या मराठीच्या सरांनी दिला. मी नववीत होतो. सर फळ्यावर लिहीत होते: ग्राम, त्याचं गाव, नाम, त्याचं नाव, आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "तसंच सामंत, त्याचं सावंत. म झिजून व झाला. सामंत म्हणजे मांडलिक. स्वतः राजा नव्हे, राजाने बोलावलं की आपली माणसं घेऊन हजर होणारा." मी घरी येऊन हे सांगितलं. आजीने सरांचा गाव विचारला, तो देशावरचा निघाला, तेव्हा तिचं समाधान झालं. घाटावरच्या माणसाला यातलं काय कळणार?

सरांचा धडा होऊन काही महिनेच झाले असतील. 18 जानेवारी 1982 ला मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाख कामगार बाहेर पडले. पुढारी कोण, तर डॉक्टर दत्ता सामंत. ज्यांचा म झिजला नव्हता असे एक सामंत, आणि त्यांच्या मागे म झिजलेले लालबाग-परळचे सगळे सावंत. माझ्या डोक्यात व्याकरण ताजं होतं, म्हणून मी बाबांना म्हटलं, "बाबा, हे उलटं झालं. सामंताने राजाच्या हाकेला जायचं असतं. इथे सामंतच हाक मारतायत." बाबांनी मला संप मिटेपर्यंत व्याकरण बंद ठेवायला सांगितलं. तो संप रीतसर मागे घेतल्याचं कुणी कधी जाहीर केलंच नाही. त्या हिशेबाने बाबा शेवटपर्यंत संपावरच होते आणि माझं व्याकरणही बंदच राहायला हवं होतं.

राजेपणाचा हा आजार एकट्या आजीला नव्हता. आमच्या मजल्यावर जाधव होते, म्हणजे देवगिरीचे यादव. मोरे म्हणजे मौर्य. कदम म्हणजे बनवासीचे कदंब, साळुंखे म्हणजे बदामीचे चालुक्य, शेलार म्हणजे शिलाहार, पवार म्हणजे धारचे परमार. अशा व्युत्पत्त्या सांगतात. त्यातली खरी किती, हे ज्याने त्याने आपापल्या आजीला विचारावं. पण पहाटे चारला नळाला पाणी यायचं, तेव्हा भारताचा दीड हजार वर्षांचा इतिहास हातात कळशी घेऊन आमच्या दारात रांगेत उभा असायचा, हे मी डोळे चोळत पाहिलेलं आहे. साळुंखे कदमांची बादली पायाने मागे सरकवायचे. इतिहासातही चालुक्यांनी कदंबांचं तेच केलं होतं. यादवांनी उत्तर कोकणच्या शिलाहारांचं राज्य तेराव्या शतकात एकदाच बुडवलं. आमच्या जाधवकाकू शेलारवहिनींचा नंबर दर आठवड्याला बुडवायच्या. या सगळ्या घराण्यांना मिळून नळ एक. आणि त्याच्या जवळ राहणारे मांडलिक आम्ही.

'कर'वाल्यांची गोष्ट निराळी. आमच्या खालच्या मजल्यावर गावमंडळाची खोली होती. दहा बाय बाराच्या खोलीत एका गावचे वीस-पंचवीस गडी पाळीपाळीने झोपायचे, जेवायला खानावळवाल्या मावशींकडे जायचे आणि ट्रंका भिंतीला लावून ठेवायचे. दारावर माणसाचं नाव नव्हतं, गावाचं होतं. या गड्यांकडे बघताना मला एक नियम सापडला, तो मी इथे छापून ठेवतो, नाहीतर कुणीतरी आपल्या नावावर खपवेल. वेंगुर्ल्यात राहणाऱ्याला कुणी वेंगुर्लेकर म्हणून हाक मारत नाही. मारली तर अख्खा बाजार वळून बघेल. तिथे तो परब असतो, नाईक असतो, किंवा फलाण्याचा मधला मुलगा असतो. तो गाव सोडून दुसरीकडे गेला, की तिथले लोक विचारतात कुठला, आणि मग त्याच्या मागे 'कर' चिकटतो. म्हणजे 'कर' ही गावात राहत असल्याची खूण नव्हे. गाव सोडल्याची पावती आहे.

नियम तपासून बघा. नीरेकाठच्या होळ गावात बसून राहिले असते, तर होळकर कशाला झाले असते? होळ सुटलं, माळवा मिळाला, मग होळकर. दीनानाथ मंगेशीहून निघाले आणि मंगेशकर झाले. मुंबईच्या क्रिकेट संघाची वेगवेगळ्या काळातली नावं एका धावफलकावर मांडून बघा: वाडेकर, गावसकर, वेंगसरकर, मांजरेकर, तेंडुलकर. एसटी डेपोत लावलेला फलक आणि हा, यांत फरक एवढाच की एसटीची एखादी फेरी रद्द व्हायची. एवढ्या गावांनी मिळून एका शहराला रणजी करंडक जिंकून दिला, आणि गावात मात्र खेळायला मैदान नाही ते नाहीच.

'कर'चा आणखी एक गुण आहे, तो जरा गंभीर आहे. आपल्याकडे "आडनाव काय?" हा प्रश्न आडनाव कळावं म्हणून फार थोडे लोक विचारतात. "सावंत" म्हटलं की पुढचा प्रश्न "कुठले सावंत?" आणि त्याच्या पुढचा प्रश्न तोंडाने विचारत नाहीत, डोळ्यांनी विचारतात. गावावरून पडलेलं आडनाव या डोळ्यांना थोडा चकवा देतं. गाव सगळ्यांचं सारखंच असतं, निदान कागदावर. लालबागहून चालत जाता येईल अशा परळच्या बी.आय.टी. चाळीत बाबासाहेब 1912 पासून वीसेक वर्षं राहिले. त्यांच्या कुळाचं नाव सकपाळ. गाव आंबडवे, त्यावरून आंबडवेकर. आणि शाळेत आंबेडकर नावाच्या गुरुजींनी जीव लावला, त्यांनी हजेरीपटावर आंबेडकर करून टाकलं, ही हकिकत प्रसिद्धच आहे. एका मास्तराने पटावर एक शब्द लिहिला आणि आज त्या शब्दाशिवाय देशाची राज्यघटना कुणाला आठवत नाही.

आणि आमच्या गिरणगावात तर याहून पुढची गोष्ट घडली. गंगाराम सुर्वे नावाच्या गिरणी कामगाराला रस्त्यावर टाकून दिलेलं तान्हं मूल सापडलं. त्याने ते घरी नेलं, वाढवलं, शाळेत नाव घालताना आडनावाच्या जागी आपलं आडनाव लिहून दिलं. तेच पुढे 'माझे विद्यापीठ' लिहिणारे कवी नारायण सुर्वे. कुणी माझ्यापुढे कुळ, देवक आणि सात पिढ्यांचा वंशवृक्ष पसरून बसलं, की मी त्याला विचारतो, की बाबा रे, यात सुर्व्यांना कुठल्या फांदीवर बसवशील?

जगात इतरत्र काय करतात, हेही मी पाहून ठेवलं आहे. आइसलँडमध्ये बहुतेकांना आडनाव नसतंच, बापाचं नाव लावतात. तिथला फोन नंबरांचा यादीग्रंथ पहिल्या नावाने लावलेला असायचा. आमचे सात संतोष तिथे सुखाने एका पानावर नांदले असते. कोरियात दर पाच माणसांमागे साधारण एक किम. म्हणजे त्यांचं लालबाग देशभर पसरलंय. तुर्कस्तानाने तर 1934 साली कायदाच केला, की प्रत्येकाने आडनाव घेतलंच पाहिजे. त्यांच्या संसदेने केमाल पाशांना अतातुर्क, म्हणजे तुर्कांचा पिता, हे आडनाव बहाल केलं. त्याच 1934 साली आमच्याकडे लालबागच्या राजाचं मंडळ स्थापन झालं. तुर्कांनी नेत्याला आडनाव दिलं, आम्ही देवाला पत्ता दिला. आता जगभरात लालबाग कुणामुळे माहीत आहे म्हणाल, तर सावंतांमुळे नक्कीच नाही.

गणपतीवरून आठवलं. आमच्या गल्लीतल्या मांडवात एकदा लाउडस्पीकरवरून पुकारा झाला: "सावंतकाका जिथे असतील तिथून त्यांनी ताबडतोब मांडवात यावं." दहा मिनिटांत मांडवात इतके काका जमले की दर्शनाची रांग खुंटली. पुकारा करणारा पोरगा घाबरून म्हणाला, "ज्यांच्या घराची चावी हरवलीय ते थांबा, बाकीच्यांनी जा." कुणी हललं नाही. प्रत्येकाने खिसा चाचपला, आणि लालबागमध्ये गणपतीच्या दहा दिवसांत खिसा चाचपल्यावर काहीतरी हरवलेलं असतंच.

खरा घोळ झाला तो इंग्रजीमुळे. बाबांच्या मिलच्या कार्डावर सावंत हे डब्ल्यूने लिहिलेलं होतं. माझ्या शाळेने व्हीने लिहिलं. घरात याचा त्रास कधी झाला नाही. डब्ल्यू सावंतांनी व्ही सावंतला मारायचं तेव्हा स्पेलिंग न बघता मारलं. पण पुढे गिरणी कामगारांच्या घरांची सोडत निघाली, तेव्हा वारस म्हणून मी एका कार्यालयात कागद घेऊन गेलो. खिडकीमागच्या बाईंनी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले आणि विचारलं, "हे तुमचे कोण?"

"वडील."

"यांचं आडनाव वेगळं आहे."

मी म्हटलं, "मराठीत वाचा ना, एकच आहे." त्या म्हणाल्या, "कॉम्प्युटरला मराठी नाव चालतं, स्पेलिंग इंग्रजीच बघतो." मग प्रतिज्ञापत्र करायचं ठरलं. बाहेर झाडाखाली बसणाऱ्या टायपिस्टकडून ते करून आणलं, शिक्का मारला, आत दिलं. आठवड्याने छापील पोच मिळाली. तीत माझं नाव होतं: सामंत. कोकणातल्या लोकांच्या जिभेने शेकडो वर्षं घासून म चा व केला होता. त्या कार्यालयाने तो एका दुपारी परत केला. मी सरांना फोन करणार होतो, पण सर तेव्हा हयात नव्हते, आणि आजी असती तर म्हणाली असती, बघ, परत मांडलिक केलं.

(व्हीने लिहिलेल्या सावंतचा इंग्रजी कोशात अर्थ दिलाय: मोठा विद्वान. माझ्या विद्वत्तेचा उभ्या आयुष्यातला तेवढाच छापील पुरावा.)

त्या निमित्ताने मी शब्दकोशांच्या नादी लागलो आणि तिथे सरांनी न सांगितलेली एक गोष्ट सापडली. मांडलिक हा सामंतचा नंतरचा अर्थ. संस्कृतात त्याचा मुळातला अर्थ हद्दीला हद्द लागून असलेला, म्हणजे शेजारी. कौटिल्य सामंत म्हणतो तो शेजारच्या राजाला. पुस्तक मिटून मी बराच वेळ बसून राहिलो. राजे नाही, मांडलिक नाही. आम्ही चाळीत पिढ्यान् पिढ्या दारावर पाटी लावून बसलो होतो, की इथे शेजारी राहतात. 'नळाजवळचे सावंत' म्हणजे नळाचे शेजारी. चाळीने न शिकता केलेला अनुवाद आमच्या सरांच्या व्युत्पत्तीपेक्षा बिनचूक होता.

आता नवा नियम आलाय. 1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर आधी मुलाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं आणि शेवटी आडनाव. आईचं नाव आलं याचा मला आनंद आहे, कारण आजीचं नाव कुठल्याच कागदावर नव्हतं. रेशनकार्डावरसुद्धा ती 'आई' एवढीच होती. पण फॉर्मातले चौकोन तेवढेच राहणार आणि शेवटी जागा संपली की बळी आडनावाचा जाणार, हे मी आजच सांगतो. 'साव' एवढ्यावर थांबलेले कितीतरी नातू उद्या वंशवृक्ष शोधत फिरतील. त्यांच्या आजोबांबद्दल लोकांचा चांगलाच गैरसमज होईल. साव म्हणजे प्रामाणिक.

चाळ पाडून तिथे टॉवर आला. मजल्यांचे आकडे एवढे, की वर बघताना टोपी पडते. अकरा सावंतांपैकी काही पैसे घेऊन निघाले. कुणी बदलापूरला, कुणी डोंबिवलीला, मी विरारला. इथे आमच्या विंगमध्ये सावंत मी एकटा. आयुष्यात पहिल्यांदा माझं आडनाव कामाला लागेल अशी आशा वाटली. दारावर पितळी पाटी लावली, डब्ल्यूने, बाबांच्या आठवणीसाठी. पण इथे दारं बंद असतात, पाटी वाचायला कुणी थांबत नाही, आणि सोसायटीच्या मीटिंगमध्ये माझं प्रत्येक वाक्य "आमच्या लालबागला" असं सुरू होतं, अशी तक्रार आहे. मसाला कुठे कांडून आणता विचारलं तर लालबागला. चिवडा कुठून आणलात, तर लालबागच्या चिवडा गल्लीतून. गणपतीत कुठे असता, हे तर विचारायलाच नको.

नियम माझाच होता, त्यामुळे तक्रार करायची सोय नव्हती. इथला पाण्याचा टँकर भल्या पहाटे येतो. परवा वॉचमनने खालून हाक मारली, "ओ लालबागकर, पाणी आलं!"

तीन दारं उघडली.